त्रिकोणास केलेल्या सात विनंत्या

श्रीकृपा असो, आणि ज्यावर ती नसेल त्यानें निदान कान द्यावा. शके १९०३, दुर्मतिनाम संवत्सर, इसवी सन एकोणीसशें एक्याऐंशीचा जून महिना, ते समयीं समुद्रकिनारीं एक राज्य होतें, त्याची ही हकीकत. आधींच सांगून ठेवितों कीं हिजवर कोणी विश्वास ठेवणार नाहीं. या इस्पितळाच्या वॉर्डांतील आठ खाटांच्या दरबारांत बसलेले, निजलेले आणि पाय टांगलेले सर्व सभाजन पोट धरून हसतील आणि म्हणतील, म्हातारा थापा मारतो. म्हणोत बापडे. राज्याच्या फाटकावर आम्ही सव्वीस वर्षें स्टूल टाकून बसलों. जें डोळां दिसलें तें सांगतों, आणि जें दिसलें नाहीं तें अधिक नीट सांगतों.

तर राज्य लहान. पूर्वेस केळीच्या वाड्या, पश्चिमेस वाळू, मध्यें चार खोल्या, एक व्हरांडा, एक चॅपल, एक विहीर आणि एक बदामाचें झाड. राज्य सर्व मुलींचें. पुरुषानें आंत येणें तर फाटकावर नांव सांगून, टोपी काढून यावें लागे. गादीवर मदर एवारिस्ता. त्या उंचीनें ठेंगण्या, परंतु व्हरांड्याच्या एका टोकास उभ्या राहिल्या कीं दुसऱ्या टोकाच्या मुलीची रिबीन आपोआप सरळ होत असे, हें आम्हीं पाहिलें आहे. गणिताची सरदारकी सिस्टर फिलोमिना यांजकडे. वय सत्तरीच्या पलीकडे, कान कमी, परंतु खडूचा नेम अचूक. एके दिवशीं बोलणाऱ्या मुलीवर टाकलेला खडू चुकून खिडकीबाहेर गेला आणि बदामावरील कावळ्यास लागला, आणि त्या दिवसापासून तो कावळा सातापर्यंत मोजून ओरडूं लागला. आठ त्यास कधीं आलें नाहीं. आणि मराठी भाषेची दौलत ओगले मास्तरांकडे. राज्यांत शिकवणारा पुरुष तो एवढाच. धोतर, छत्री, आणि तोंडांत सदा व्याकरण. मुलीनें 'मी आली' म्हटलें तर मास्तर म्हणत, "आली ती कोण? तू असशील तर 'आले' म्हण, नाहीतर बाहेर जाऊन परत ये." आणि मुलगी खरोखरच बाहेर जाऊन परत येत असे.

ऐसें राज्य सुखें चाललें असतां कोसभर अंतरावर दुसरें मोठें राज्य उभें राहिलें. तीन मजले, इंग्रजी बोलणें आणि पिवळी बस. ती बस सकाळीं गल्लीगल्लींतून भोंगा वाजवीत फिरे आणि आमचे फाटकासमोर येऊन मुद्दाम दोनदां वाजवी. मग मुली एक एक करून फितूर जाहल्या. आधीं पांचवी गेली, मग सहावी, आणि मग जून महिन्यांत वरिष्ठ दरबारांतून लाल लाखेचा खलिता आला कीं, राज्यांत सिस्टर उरल्या दोन, मुली उरल्या मूठभर, सबब खालचे सर्व वर्ग पिवळ्या बसचे राज्यांत सामील करावे, दहावी तेवढी या सालीं पार करावी, आणि पुढील जूनमध्यें किल्ल्या हवालीं कराव्या. मदरनीं खलिता तीनदां वाचला, घडी घातली, प्रार्थनेच्या पुस्तकांत ठेविला आणि बोलत्या जाहल्या, "सिस्टर, दहावीत किती जणी?" सिस्टर फिलोमिना यांनीं ऐकलें नाहीं. "मी विचारते, किती?" "अकरा." "अकराच्या अकरा पास झाल्या पाहिजेत. राज्य जायचंय तर मान वर करून जाऊ दे." सिस्टर म्हणाल्या, "दहांचं मी सांगते. अकरावीचं देवाला विचारा." ती अकरावी म्हणजे जसिंता तुस्कानो. तिची कथा पुढें येतेच आहे.

आतां अकरा मुली आणि चार खोल्यांचें राज्य, तेव्हां जागेची चैन जाहली. सकाळीं भूगोल एका खोलींत, इतिहास दुसऱ्या खोलींत, आणि रुसवाफुगवा असेल तर तिसरी खोली मोकळी. खो-खो खेळावयाचा तर नऊ जणींचा एक संघ होई आणि उरलेल्या दोघींचा दुसरा, आणि त्या दोघींनीं नऊ जणींस एक डाव राखून हरविलें, कारण नऊ जणी आपसांत भांडत होत्या. शाळेचे जुने मानमरातब मात्र पूर्वीइतकेच होते. पूर्वीं तीनशें मुली होत्या तेव्हां दहा हुद्दे होते, ते दहाच्या दहा राहिले. हेडगर्लचें पद ओल्विना परेरा हिजकडे, तीच मुख्यप्रधान. मग घंटामंत्री, खडूमंत्री, फुलमंत्री, पाणीमंत्री, वाचनालयमंत्री, रांगमंत्री, ऐसे दहा हुद्दे दहा जणींस वांटले आणि जसिंता तेवढी रिकामी राहिली. ती म्हणाली, "आणि मी?" ओल्विना म्हणाली, "तू प्रजा." "म्हणजे काय करायचं?" "अगो, आम्ही हुकूम सोडायचे ते कुणावर? सगळ्याच मंत्री झालो तर रांग कोण लावेल? तू रांग लाव." "एकटीची?" "एकटीचीच. पण सरळ पाहिजे." "आणि प्रजेला काय मिळतं?" पाणीमंत्री दयाळू होती. ती म्हणाली, "मधल्या सुट्टीत पहिला तांब्या." जसिंतेनें विचार करून म्हटलें, "बरं." आणि त्या दिवसापासून रोज सकाळीं प्रजा एकटी रांगेंत उभी राही, रांगमंत्री ती रांग तपाशी, आणि दहा मंत्री मागून चालत. जगांत ऐसें राज्य झालें नाहीं, कीं ज्यांत दहा मंत्री आणि एक प्रजा.

येथें समोरील खाटेवरचे प्लास्टरवाले गृहस्थ म्हणतात कीं जगांत सगळीं राज्यें अशींच आहेत. त्यांनीं आपला पाय सांभाळावा.

तर ती जसिंता. बाप केळीवाला, मोठी वाडी, घरांत पांच भावंडें, आणि ही थोरली. हिच्या मनांत एकच गोष्ट होती कीं नर्स व्हावें. शहरांतील मिशन इस्पितळांत नर्सिंगची शाळा होती, तेथें तिनें अर्ज केला होता, आणि तेथून पत्र आलें होतें कीं दहावी पास होऊन जूनअखेर या, जागा ठेवितों. तें पत्र ती दप्तरांत नव्हे, फ्रॉकच्या खिशांत ठेवी, आणि धुवायच्या दिवशीं काढी. बाप म्हणे, "पास झालीस तर जा. मी अडवणार नाही. पण नापास झालीस तर पुन्हा बसायला शाळा कुठं आहे, बाय? मग वाडी आहे, आणि तू आहेस." बापाचें बोलणें वाईट नव्हतें, खरें होतें, म्हणूनच तें तिच्या जिवास लागलें. आणि सर्व विषय तीस बरे येत, एक भूमिती सोडून. भूमितीचें प्रमेय तिच्या एका कानांतून शिरून दुसऱ्या कानापर्यंतही पोंचत नसे, मध्येंच कोठें तरी बसून राही. सिस्टर फिलोमिना फळ्यावर दोन रेषा काढून म्हणत, "बोल, दोन समांतर रेषांना एका छेदिकेने छेदले असता?" आणि जसिंता उभी राहून, हात मागें घेऊन, खोल श्वास घेऊन म्हणे, "छेदले असता रेषांना लागतं, सिस्टर." दहा मंत्री बाकावर पालथ्या पडत. सिस्टर खडू उचलीत आणि परत खालीं ठेवीत, कारण मुलगी चेष्टा करीत नव्हती, तिचे डोळे भरलेले होते.

मग आक्टोबर महिना आला, आणि चॅपलांत रोज संध्याकाळीं रोझरीची जपमाळ आणि लितानी होऊं लागली. लितानी म्हणजे पवित्र मातेचीं पन्नासांवर नांवें एकामागून एक. पुढें एकीनें नांव घ्यावें आणि मागून सर्वांनीं म्हणावें, 'आम्हांसाठी विनंती कर.' ती पुढें म्हणण्याची पाळी एके दिवशीं जसिंतेकडे आली. सिस्टर फिलोमिना मागील बाकावर डोळे मिटून बसल्या होत्या. आणि जसिंतेनें पुस्तक न उघडतां, एक नांव न गाळतां, एक नांव न अडखळतां सगळी लितानी ऐसी म्हटली कीं विहिरीवरचा रहाट फिरावयाचा थांबला. सिस्टरनीं डोळे उघडले आणि शेजारीं बसलेल्या मदरांस मोठ्यानें म्हटलें, कारण कान कमी असणारास हळू बोलतां येत नाहीं, "मदर! ही पोर ठोंबी नव्हे! आपणच हिला चुकीच्या सुरात शिकवतोय!"

दुसरे दिवशीं सकाळीं पहिल्या तासास सिस्टर वर्गांत आल्या, फळ्यावर समद्विभुज त्रिकोण काढिला, दोन हात जोडले आणि लितानीच्या सुरांत म्हणूं लागल्या, "हे समद्विभुज त्रिकोणा," आणि मुली संवयीनेंच बोलून गेल्या, "आम्हांसाठी विनंती कर." "दोन बाजू ज्याच्या समान," "आम्हांसाठी विनंती कर." "समोरचे कोनही ज्याचे समान," "आम्हांसाठी विनंती कर." आणि जसिंता उभी राहिली आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत प्रमेय म्हणून गेली, आणि तिचें तिलाच खरें वाटेना, ती खालीं बसून आपले हात पाहूं लागली. ओगले मास्तर व्हरांड्यांतून चालले होते, त्यांनीं आंत डोकावून म्हटलें, "सिस्टर, त्रिकोणाला 'कर' ठीक आहे. पण समांतर रेषा दोन असतात. तिथे 'करा' पाहिजे. अनेकवचन." सिस्टरनीं तें मान्य केलें, आणि तेव्हांपासून राज्यांत त्रिकोणास 'कर' आणि रेषांस 'करा' ऐसा कायदा जाहला. मदरांच्या कानीं तें गेलें. त्यांनीं सिस्टरांस बोलावून विचारिलें, "हे पाप तर नव्हे ना? तो पायथागोरस काय संत होता?" सिस्टर म्हणाल्या, "नव्हता, मदर. ख्रिस्ताच्या पाचशे वर्षं आधी गेला. बाप्तिस्मा राहून गेला बिचाऱ्याचा." मदर खिडकीबाहेर पाहून म्हणाल्या, "मुलगी पास होईल?" "होईल." "मग मी काही ऐकलं नाही." "मीही नाही," सिस्टर म्हणाल्या, आणि तें खरेंच असावें.

ऐसे दिवस गेले. डिसेंबरांत स्नेहसंमेलन जाहलें, त्यांत मुलींनीं लढाईचें नाटक केलें, आणि दोनच मुली पडद्यामागून धांवत धांवत पुन्हां पुन्हां येऊन दहा हजार फौज झाल्या, आणि प्रेक्षकांत केळीवाले, कोळी, आणि पिवळ्या बसचा ड्रायव्हरसुद्धां येऊन बसला, आणि शेवटीं टाळ्या इतक्या पडल्या कीं बदामाचीं पानें अवकाळीं गळालीं. मग जानेवारींत सराव परीक्षा जाहली. जसिंतेचा भूमितीचा पेपर सिस्टर फिलोमिनांनीं तपासला. सात प्रमेयें बरोबर. आणि प्रत्येक प्रमेयाच्या शेवटीं, जेथें 'हेच सिद्ध करायचे होते' लिहावयाचें तेथें, जसिंतेनें स्वच्छ अक्षरांत लिहिलें होतें, 'आम्हांसाठी विनंती कर,' आणि रेषा असतील तेथें 'करा.' सिस्टर हसल्या, इतक्या हसल्या कीं चष्मा काढून पुसावा लागला. तांबडी पेन्सिल उचलली, आणि खोडावयास गेल्या, आणि हात थांबला. विनंतीचे शब्द खोडावे कसे? मनांत म्हणाल्या, उद्यां तोंडीं सांगेन. आणि उद्यां विसरल्या. एवढीच चूक. परंतु ऐसी चूक जगांतील दुसऱ्या कोणत्याही गणिताच्या शिक्षकानें केली नसती, हें आम्हीं लिहून देतों.

मार्चांत मोठी परीक्षा जाहली, आणि संवत्सर पालटून दुर्मति गेलें आणि दुंदुभि आलें, आणि एप्रिल गेला, आणि मे महिन्याच्या मध्यावर परीक्षादप्तराकडून, म्हणजे जिल्ह्याच्या ठिकाणीं ज्या कचेरींत सर्व पेपरांचा न्याय होतो तेथून, एक तांबडें पत्र आलें. पत्र मदरांच्या नांवें. त्यांत मजकूर येणेंप्रमाणें: आपल्या शाळेची विद्यार्थिनी जसिंता तुस्कानो हिनें भूमितीच्या उत्तरपत्रिकेंत परीक्षकास उद्देशून एकूण सात वेळां विनंती केली आहे. उत्तरपत्रिकेंत परीक्षकास विनवणी करणें हा गैरप्रकार होय. पैकीं पांच वेळां परीक्षकास एकेरीनें संबोधिलें आहे, हा उद्धटपणा वेगळा. तसेंच 'आम्हांसाठी' या शब्दावरून यांत अनेक जणींची टोळी असल्याचा संशय येतो. तरी निकाल रद्द कां करूं नये, याचा खुलासा अमुक दिवशीं समक्ष हजर राहून करावा.

मदर खुर्चींत बसल्या. सिस्टर फिलोमिनांनीं पत्र हातीं घेतलें आणि वाचलें. "माझी चूक," म्हणाल्या. "मी पाहिलं होतं. जानेवारीतच पाहिलं होतं." जसिंतेस बोलाविलें. तिनें पत्र वाचलें, दुसरे खेपेस वाचलें, मग खिशांतील नर्सिंगचें पत्र काढून दोन्ही पत्रें शेजारीं शेजारीं धरिलीं, जशीं कांहीं त्यांची ओळख करून देते. बाहेर दहा मंत्री उभ्या होत्या. ओल्विनेनें फाटकापर्यंत येऊन आम्हांस विचारिलें, "काका, टोळी म्हणजे आपणच ना?" आम्हीं म्हटलें, "दिसतंय तसंच." "मग आपणही जायला हवं. त्यांनी आपली प्रजा धरून नेली तर आपण मंत्री कुणाच्या?" आणि ती मागें वळून ओरडली, "सगळ्या चला गं! युनिफॉर्म घाला!"

मग स्वारी निघाली. एसटीची सकाळची गाडी, तींत पुढें मदर एवारिस्ता, बाजूस सिस्टर फिलोमिना, मागें अकरा मुली गणवेशांत, रिबिनी बांधून, आणि सर्वांत मागें ओगले मास्तर छत्री घेऊन. आम्हीही गेलों, फाटक बंद करून, कारण राखावयास फाटकाच्या आंत कोणी उरलेंच नव्हतें. मास्तरांनीं एक खुलासा लिहून आणिला होता, चार पानी. त्यांत पहिल्या पानावर वंदन, दुसऱ्यावर विनंती या शब्दाची व्युत्पत्ति, तिसऱ्यावर अनेकवचनाचे प्रकार, आणि मुद्दा चौथ्यावर. वाटेंत सिस्टर फिलोमिना जसिंतेच्या कानाशीं वांकून म्हणाल्या, आणि त्यांचें कानाशीं बोलणें सर्व गाडीनें ऐकिलें, "बाय, माझ्यामुळे झालं हे. तुझी नर्सिंगची जागा गेली तर मी देवाला काय सांगू?" जसिंता म्हणाली, "सिस्टर, तुमच्यामुळे मी सात प्रमेयं लिहिली. नाहीतर कोरा पेपर दिला असता. कोऱ्या पेपरावर कुणी तांबडं पत्र तरी पाठवलं असतं का?" कंडक्टरनें तिकिटें फाडतांना डोळे पुसले, आणि एक तिकीट चुकून उलटें फाडिलें.

परीक्षादप्तर म्हणजे दगडी इमारत, उंच खिडक्या, आणि आंत पंख्याखालीं तीन साहेब. मध्यें मोठे साहेब. उजवीकडे भूमितीचे जाणकार साहेब, ज्यांनीं तो पेपर हातीं धरिला होता. डावीकडे वयोवृद्ध साहेब, जे डोळे मिटून होते, आणि ते निजले आहेत कीं विचार करीत आहेत हें त्यांच्या कचेरींतही कोणास ठाऊक नव्हतें. आंत फक्त जसिंता आणि दोन सिस्टर यांस घेतलें. बाकी टोळी व्हरांड्यांत, खिडकीखालीं. आम्हीही खिडकीशींच होतों, म्हणून पुढील शब्दन्शब्द खरा आहे. मास्तरांचा खुलासा मोठ्या साहेबांनीं पहिलीं दोन पानें वाचून बाजूस ठेविला आणि विचारिलें, "मुली, परीक्षकाला विनंती का केलीस?" सिस्टर फिलोमिना पुढें झाल्या, "साहेब, ती विनंती परीक्षकाला नाही." "मग कोणाला?" "त्रिकोणाला." "काय?" "पाच त्रिकोणाला, आणि दोन समांतर रेषांना. पाहा, तिथे 'करा' लिहिलंय. रेषा दोन असतात ना!" भूमितीचे साहेब पेपर पाहूं लागले आणि म्हणाले, "खरंच की. पाच ठिकाणी कर, दोन ठिकाणी करा." मोठे साहेब म्हणाले, "सिस्टर, तुमच्या वयाचा मान राखून विचारतो, ही चेष्टा आहे का?" "चेष्टा असती तर मी एवढ्या लांब एसटीने आले असते का? माझे गुडघे पाहा."

मग सिस्टरनीं लितानीची सर्व हकीकत सांगितली. मोठे साहेब म्हणाले, "ठीक. प्रमेय येत असेल तर विनंती परीक्षकाला नव्हती असं मानू. येत नसेल तर सरळ गैरप्रकार. मुली, सांग. दोन समांतर रेषांना एका छेदिकेने छेदले असता? आणि गाणं-बिणं नको, ही कचेरी आहे." जसिंता उभी राहिली. हात मागें घेतले. खोल श्वास घेतला. "छेदले असता," ती म्हणाली. "छेदले असता," ती पुन्हां म्हणाली. तिचे डोळे भरले, आणि आम्हांस खिडकींतून दिसलें कीं सुरावांचून त्या मुलीच्या डोक्यांत काळोख झाला होता, आणि तो जुना शब्द तिच्या ओठांवर येऊं लागला होता, 'लागतं'. मोठ्या साहेबांनीं लेखणी उचलली. सिस्टर फिलोमिनांनीं डोळे मिटले. ते समयीं खिडकीखालून ओल्विना परेरा हळूच, अगदीं हळू, पण सुरांत म्हणाली, "आम्हांसाठी विनंती करा." मोठे साहेब गर्जले, "कोण आहे बाहेर?" परंतु तोंवर जसिंतेनें मान वर केली होती. साहेबांकडे पाहिलें नाहीं, सिस्टरांकडे पाहिलें नाहीं. खिडकीकडे तोंड करून, जी मुलगी वर्षभर एकटीच्या रांगेंत उभी राहिली ती, मोठ्या आवाजांत म्हणाली, "हे समांतर रेषांनो!" आणि दहाच्या दहा मंत्री हुकूम मानल्यासारख्या बोलल्या, "आम्हांसाठी विनंती करा!" "एका छेदिकेने छेदलेल्या!" "आम्हांसाठी विनंती करा!" "व्युत्क्रम कोन ज्यांचे समान!" "आम्हांसाठी विनंती करा!" मग ती थांबेच ना. एक प्रमेय झालें, दुसरें झालें, त्रिकोण झाला, कर्ण झाला, आणि पायथागोरसाशीं आली तेव्हां कचेरींतील कारकून फायली हातांत घेऊन दाराशीं उभे होते, आणि डावीकडचे वयोवृद्ध साहेब डोळे न उघडतां सर्वांबरोबर म्हणाले, "आम्हांसाठी विनंती कर."

मोठे साहेब त्यांजकडे वळून म्हणाले, "तुम्हीसुद्धा?" वृद्ध साहेब म्हणाले, "मला बेचाळीस वर्षांत हे प्रमेय आज समजलं." मोठ्या साहेबांनीं जसिंतेस विचारिलें, "शेवटचे ते शब्द गाळून लिहिता आलं नसतं का तुला?" ती म्हणाली, "साहेब, ते गाळलं तर पुढची ओळ येत नाही." साहेबांनीं भूमितीच्या साहेबांकडे पाहिलें, त्यांनीं मान हालविली, आणि हुकूम जाहला कीं, सदर सात ठिकाणीं 'आम्हांसाठी विनंती कर' अथवा 'करा' याचा अर्थ 'हेच सिद्ध करायचे होते' असा घ्यावा, गैरप्रकाराचा ठपका काढावा, आणि पेपर नियमाप्रमाणें तपासून गुण द्यावे. आणि आम्ही निघतांना मोठ्या साहेबांनीं ओगले मास्तरांस त्यांचा खुलासा परत दिला आणि म्हणाले, "दुसऱ्या पानावर व्युत्पत्ति चुकली आहे." मास्तर तीन दिवस जेवले नाहींत.

आणि मग जून आला. किल्ल्या हवालीं करण्याचा दिवस आणि निकालाचा दिवस एकच पडला. फाटकाबाहेर पिवळी बस उभी होती, बाक नेण्यासाठीं. मदर व्हरांड्यांत उभ्या, हातांत किल्ल्यांचा जुडगा. सिस्टर फिलोमिना पायरीवर बसलेल्या. अकरा मुली बदामाखालीं. ओगले मास्तर पोस्टांतून निकालाचा कागद घेऊन धांवत आले. मास्तरांस धांवतांना आम्हीं त्या दिवशींच पाहिलें, धोतराचा सोगा एका हातांत, छत्री दुसऱ्या हातांत आणि कागद दांतांत. मदरनीं कागद घेतला आणि एक एक नांव वाचूं लागल्या. ओल्विना परेरा, पास. घंटामंत्री पास. खडूमंत्री पास. पाणीमंत्री पास. ऐसीं दहा नांवें जाहलीं, आणि मदर थांबल्या, आणि चष्मा नीट केला, आणि सिस्टर फिलोमिना पायरीवरून उठून उभ्या राहिल्या, गुडघे दुखत असतां. आणि मदर वाचत्या जाहल्या, जसिंता तुस्कानो, भूमितींत शंभरांपैकीं एकशें एक! शंभर परीक्षादप्तरानें दिले, आणि एक गुण खुद्द पायथागोरसानें स्वर्गांतून, बाप्तिस्मा नसतांही, आणि तत्क्षणीं आकाशांत दुंदुभि वाजूं लागल्या, आणि बदामावरील कावळा पहिल्यानेंच आठ वेळां ओरडला, आणि पिवळी बस आपोआप मागें मागें जाऊन समुद्रांत

"खोटं!"

येथें आमच्या उशाशीं मोठा आवाज जाहला, आणि सर्व वॉर्ड खाटांवर उठून बसला.

"खोटं, काका! साफ खोटं! पस्तीस मिळाले होते. पस्तीस! एक कमी नाही, एक जास्त नाही."

आम्हीं म्हटलें, "तुम्हांस काय ठाऊक, सिस्टर? तुम्ही इस्पितळाच्या नर्स. डोळां पाहिलेली गोष्ट आम्ही सांगतों."

"मला नाही ठाऊक तर कुणाला? पेपर माझा होता! आणि मदरनी वाचलंच नाही. त्यांना पुढं वाचवेना. कागद सिस्टर फिलोमिनांच्या हातात दिला, आणि त्यांनी एवढ्या मोठ्यानं 'पस्तीस!' म्हटलं की माझ्या डॅडींना वाडीत ऐकू गेलं. हे सांगा की लोकांना. खरं आहे ते." आणि मग प्लास्टरवाल्या गृहस्थांकडे वळून, "तुम्ही काय हसताय? पाय हलवू नका. आणि काका, तुम्ही तोंड उघडा. जिभेखाली धरा. बोलायचं नाही."

येणेंप्रमाणें राज्य बुडालें, आणि प्रजा पस्तीस गुणांनीं पास जाहली. पुढील मजकूर थर्मामीटर तोंडांत असलेमुळें सांगतां आला नाहीं.